बडबडी की अबोली

सोमवार, २ फेब्रुवारी

टर्बोचं काम आजवर कधी घेतलं नव्हतं, आज घेतलं. म्हणून ही डायरी. चुका व्हायच्याच, निदान कुठे झाल्या ते मागाहून सापडेल.

गिऱ्हाईक म्हणजे एक मधवाला. त्याच्याकडे मधमाश्यांच्या पेट्या आहेत आणि एक म्हातारा ट्रक. डोंगरावर फुलं आली की पेट्या वर न्यायच्या, फुलं सरली की खाली आणायच्या, हा त्याचा धंदा. वर हवा विरळ, इंजिनाला दम लागतो आणि शेवटच्या चढावर ट्रक मान टाकतो. म्हणून टर्बो. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं आणि ते इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. टर्बो त्यानं आणलाय. त्याला साजेसा कॅमशाफ्ट निवडून घालायचा, हे काम माझं. मार्चमध्ये फुलं येतात, त्याआधी हवंय. माणूस भला आहे, पण बोलतो इतकं हळू की जशी काही मी पेटी आहे आणि आवाज चढवला तर माश्या उठतील.

हे गेल्यापासून वर्कशॉप मी बघते, पण कॅमचा ग्राइंडर त्याच्याही आधीपासून माझा. कॅमशाफ्टवरचे उंचवटे घासून त्यांना आकार द्यायचा. तेच उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात. आमच्याकडे व्हॉल्व्हना नावं आहेत. ताजी हवा आत घेते ती सून, जळका धूर बाहेर काढते ती सासू. नावं यांनीच ठेवली, माझ्या सासूबाई हयात असताना, आणि त्या दारात दिसल्या की यांना हमखास खोकला यायचा. सासू मिटायच्या आधीच सून उघडते, थोडा वेळ दोघी एकदम उघड्या असतात. त्याला आम्ही 'दोघी स्वयंपाकघरात' म्हणतो. दोघींना किती वेळ एकत्र ठेवायचं, त्यावर इंजिनाचा स्वभाव ठरतो.

वर्षभरापूर्वी खरीखुरी सून वर्कशॉपमध्ये यायला लागली आणि मी ती नावं घ्यायची बंद केली. उगाच तिला टोमणा वाटायचा. लग्नाआधी ती इंजिनांची चाचणी घेणाऱ्या कंपनीत होती. हात चांगला आहे, डोकं त्याहून चांगलं. पण बोलणं म्हणाल तर शून्य. मान खाली घालून काहीतरी पुटपुटते आणि माझ्याकडे बघत राहते, जसं मीच काही बोलायचं बाकी ठेवलंय.

जेवताना मुलानं बातमी दिली. हा पोहायला शिकवतो. दिवसभर तलावाच्या काठावरून ओरडून ओरडून घरातही तसाच बोलतो, त्यामुळे त्याचं बोलणं कसं खणखणीत. "आई, हिला दुसऱ्या गावच्या कारखान्यात नोकरी मिळतेय. चाचणी विभागात. महिनाअखेर कळवायचंय." मी म्हटलं, "चांगलं आहे की." ती ताटात बघत होती.

ती जायला नको आहे मला. इथे लिहायला काय हरकत आहे? ती गेली तर वर्कशॉप राहील, पण मी एकटी ग्राइंडर चालवीन आणि एकटीच चहा पिईन. पण मी विचारणार नाही. पोरीला पुढे जायचं असेल तर सासूनं पाय ओढू नये.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

माझ्याकडे एक तयार कॅम आहे. कितीतरी वर्षांपूर्वी एका शर्यतीच्या गाडीसाठी घासला होता. त्यात दोघी बराच वेळ स्वयंपाकघरात असतात. इंजिन नुसतं उभं असलं तरी धडक-धुडुक, धडक-धुडुक बोलत राहतं. मी त्याला बडबडी म्हणते. ती गाडी सगळ्यांच्या पुढे आली होती. म्हटलं मधवाल्याला हाच घालू, मोजमापं जुळतात.

सूनबाईनं मान हलवली. मग काहीतरी बोलली. मग खडू घेऊन टेबलाच्या पत्र्यावर चित्रच काढलं. हल्ली हे नवीन. जरा काही झालं की खडूनं लिहून दाखवते. मी काय बालवाडीत आहे?

तिचं म्हणणं असं. साध्या इंजिनात धूर सुसाट बाहेर पडतो आणि जाता जाता ताज्या हवेला आत ओढतो, म्हणून दोघी जास्त वेळ उघड्या असलेल्या चालतात. टर्बोत धुराच्या वाटेत चक्र बसलेलं असतं. धूर तिथे तुंबतो, त्याचा दाब वाढतो. अशा वेळी दोन्ही व्हॉल्व्ह उघडे राहिले तर धूर उलटा फिरून आत शिरतो. म्हणून दोन्ही उंचवट्यांमधला कोन वाढवायचा, दोघींना कमीत कमी वेळ एकत्र ठेवायचं.

मी म्हटलं, असला कॅम घातला तर इंजिनाला आवाजच राहणार नाही. इंजिन बोललं पाहिजे, तर कळतं बरं आहे की वाईट. आजवर एकही इंजिन मी कानांनी ऐकल्याशिवाय बाहेर सोडलेलं नाही.

तिनं पत्र्यावर लिहिलं: 'बोलायला नको, चढायला हवं.'

मी त्या न झालेल्या कॅमचं नाव ठेवलं अबोली. तुझ्यासारखी, असंही म्हटलं. ती हसली नाही. शेवटी बडबडी घालायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं.

सोमवार, ९ फेब्रुवारी

किटलीची शिट्टी बिघडलीय. पाणी आटून बूड जळायला आलं तरी वाजली नाही. सूनबाई अंगणातून धावत आली आणि गॅस बंद केला. अंगणात असून तिला कसं कळलं कोण जाणे. वासानं असेल.

दुपारी ग्राइंडरवर होते, बाजूच्या गॅरेजचं एक लहान काम. ती येऊन शेजारी उभी राहिली. खूप वेळ हातातलं फडकं पिळत होती. मग काहीतरी विचारलं. शेवटी 'का' होतं, म्हणजे प्रश्नच होता. घासायचा दगड झिजत आलाय, नवा मागवू का, असं गेल्या आठवड्यापासून तिच्या मनात आहे. मी मशीन न थांबवता म्हटलं, "कशाला? काही गरज नाही. आजवर चाललंय तसं चालेल."

ती बरं म्हणून गेली. संध्याकाळपर्यंत डोळे लाल होते तिचे. म्हटलं चष्मा घालत जा, धूळ वाईट असते.

शनिवार, १४ फेब्रुवारी

इंजिन जोडून झालं. किल्ली फिरवली आणि बडबडीनं तोंड उघडलं. धडक-धुडुक. पायाखालची फरशी थरथरली. किती दिवसांनी असं मनसोक्त इंजिन ऐकलं. मला तर भरून आलं. मधवाला मात्र खाली वाकून ट्रकचा मागचा फाळका कसा हलतोय ते बघत होता.

मग चाचणीला गेलो. मधवाला चालवायला, आम्ही दोघी शेजारी, मागे माश्यांची एक भरलेली पेटी. सपाटीवर ठीक. चढ लागला आणि ट्रकच्या पायातलं त्राणच गेलं. टर्बो जागा होईपर्यंत चढ अर्धा संपलेला. वळणावर वेग कमी केला की पुन्हा तेच. शेवटच्या वळणाला इंजिन गचके खाऊन बंदच पडलं.

त्यापेक्षा वाईट पुढे झालं. ट्रक उभा करून इंजिन चालू ठेवलं होतं. मधवाला एकदम खाली उतरला, पेटीपाशी गेला आणि आम्हाला हातानं खुणा करायला लागला की काचा वर घ्या. सूनबाईनं लगेच घेतली. मी खाली उतरले, म्हटलं बघू तरी काय झालंय. पेटी शांत होती. निदान मला तरी शांत वाटली. मी झाकणावर हात ठेवला आणि पुढचं सांगायला नको. एक मनगटाला चावली, एक कानाच्या पाळीला.

मधवाला म्हणे, माश्या केव्हाच्या खवळल्या होत्या, पेटी नुसती गर्जत होती, तुम्ही हात लावलाच कसा? इंजिनाच्या धडधडीनं पेटी हादरते, हे त्यांना चालत नाही. मी म्हटलं, गर्जत बिर्जत काही नव्हती. तो आणि सूनबाई एकमेकांकडे बघत राहिले.

घरी आल्यावर सूनबाईनं माझ्या कानाला बर्फ लावून धरला. मी सांगितलं होतं, असं तिनं एकदाही म्हटलं नाही. मी तिच्या जागी असते तर चार वेळा म्हटलं असतं.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

पाच दिवस रुसून बसले होते, इंजिनावर. आज पत्र्यावरचं तिचं चित्र पुन्हा बघितलं. तिनं ते पुसलं नव्हतं.

पोरगी बरोबर आहे. बडबडी ज्या गाडीत जिंकली तिला टर्बो नव्हता. तिथे सासू जाता जाता सुनेचा हात धरून तिला घरात ओढून घेत होती. इथे सासूची वाट अडवली आहे. बाहेर पडता येत नाही म्हणून ती माघारी फिरते आणि सुनेच्या अंगावर धूर घालते. अशा घरात दोघींनी एकमेकींना वाट दिली पाहिजे. एवढी साधी गोष्ट कळायला मला माश्या चावाव्या लागल्या.

आज अबोली घासायला घेतली. कोऱ्या शाफ्टवर सगळ्या सासवांचे उंचवटे आधी झाले. मग ग्राइंडरवर शाफ्ट जास्त फिरवून सुनांचे. किती अंश फिरवायचं ते तिनं काढून दिलं होतं. मी दगड पुढे घ्यायची, ती मापाचा गेज धरायची. गेज दाखवतो त्याच्या पुढचं मी नखानं बघते. उंचवट्याच्या उतारावरून नख फिरवलं की जिथे अडखळतं तिथे अजून काम आहे. तिलाही दाखवलं. तिचं बोट धरून फिरवलं. थंड हात, वंगणानं काळे. एका जागी आम्ही दोघी एकदमच थांबलो, तिलाही तिथेच लागलं होतं. मला इतकं बरं वाटलं की मी उगाचच तिच्यावर खेकसले, तेल कमी का घातलंस म्हणून.

व्हॉल्व्ह धुऊन ठेवायला तिनं दोन ट्रे घेतले होते. त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. एका ट्रेवर 'सासू', दुसऱ्यावर 'सून'. म्हणजे तिला सगळं माहीत होतं. मुलानंच चहाडी केली असणार. मी चिठ्ठ्या बघितल्या, तिनं माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच आम्ही दोघी हसलो. मग तिनं हळूच सासूचा ट्रे सुनेच्या ट्रेपासून वीतभर लांब सरकवला, म्हणजे कोन वाढवला. मला ठसका लागला हसून हसून.

नोकरीचं ती अजून काही बोलत नाही. मीही विचारलं नाही. पण आज वाटलं, राहील बहुतेक.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

अबोली बसवली. मधवाला आला होता. मी आत बसून किल्ली फिरवली. स्टार्टरचा हिसका हाताला लागला आणि मग काहीच नाही. बंद पडलं. पहिल्या वेळेला पडतंच, म्हणून मी पुन्हा किल्ली फिरवली.

गाडी अशी कळवळली की माझ्या मनगटातून खांद्यापर्यंत कळ गेली. सूनबाईनं खिडकीतून हात घालून माझा हात किल्लीवरून काढला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. समोर बघते तर पंखा फिरत होता. इंजिन चालूच होतं. चालू इंजिनावर मी स्टार्टर मारला होता. हे काम पहिल्या आठवड्यात शिकणारी माणसं करतात, आणि त्यांना मी दारात उभं करून बोलते.

मधवाला धावत आला, म्हणाला असावा काय झालं म्हणून. सूनबाईनं त्याला सांगितलं, हे मला तिच्या ओठांवरून कळलं, "माझा हात लागला."

स्टार्टरच्या चक्राचे दात शाबूत आहेत, आम्ही उघडून बघितलं. काही बिघडलं नाही.

पण किल्ली तर मी फिरवली होती. तिनं ते आपल्या अंगावर का घेतलं? आणि इंजिन चालू होतं हे तिथल्या तिघांपैकी फक्त मलाच कसं कळलं नाही? टर्बोनं आवाज दबतो, मान्य. अबोली मुळातच शांत, तेही मान्य. मी बॉनेटवर हात ठेवून उभी राहिले. हाताला इंजिन लागत होतं, एकसारखं, गुळगुळीत. कानाला लागत नव्हतं.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

डोंगर चढून आलो. काय चढला ट्रक. तळापासून माथ्यापर्यंत एकदाही धाप नाही. वळणावर वेग कमी केला तरी पुन्हा लगेच ओढ लागत होती. वर उभा राहिल्यावर मधवाल्यानं पेटीला कान लावला आणि मग मला म्हणाला, "झोपल्यात." हे मात्र मला नीट कळलं, कारण त्यानं तळहात गालाखाली धरून दाखवला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. दर वर्षी वर पोचेपर्यंत त्याच्या कितीतरी माश्या मरायच्या.

हे सगळं श्रेय सूनबाईचं. मधवाल्याला मी तसं सांगितलं, तिच्यासमोर. ती ट्रकच्या पलीकडे निघून गेली.

जेवताना मुलगा म्हणाला, "आई, हिनं कारखान्याला होकार कळवला. एक एप्रिलला हजर व्हायचंय." मी म्हटलं, "उत्तम." भाजी वाढली. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. असं रडायला मला लाज वाटली, पण थांबता येईना.

रविवार, १ मार्च

मुलगा आज ग्राइंडरपाशी आला. तो इकडे सहसा येत नाही, त्याला वंगणाचा वास सोसत नाही. म्हणाला, "आई, एक विचारू? तुला ती इथे नको होती, तर मला तरी आधी सांगायचंस."

"नको होती? कोण म्हणालं?"

"तूच. तिनं तुला विचारलं ना सरळ, की मी नोकरी नाकारून इथेच राहू का? इथेच उभी राहून विचारलं. आठवडाभर धीर गोळा करत होती ती. तू तिच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. म्हणालीस, कशाला, काही गरज नाही, आजवर चाललंय तसं चालेल."

मी स्टुलावर बसले.

दगड. मी दगडाबद्दल बोलत होते. नवा दगड मागवू का. मी राहू का. माझ्या कानापर्यंत नुसतं 'ऊ का' आलं होतं आणि बाकीचं वाक्य मी माझ्या मनानं जुळवलं होतं.

तो घाबरून "आई, काय झालं" म्हणून ओरडत होता. त्याचं ओरडणं तेवढं मला ऐकू येतं. त्याचंच येतं फक्त. किटलीची शिट्टी बिघडलेली नाही. मधवाला हळू बोलत नाही. आणि ही पोरगी वर्षभर माझ्याशी बोलत आलीय, आणि मी तिला घुमी म्हणत आले.

मुलाला शपथ घातली की तिला काही सांगायचं नाही. "मध्ये पडू नकोस. हे माझं मी निस्तरीन."

बुधवार, ४ मार्च

सूनबाईला म्हटलं, "माझ्याबरोबर दवाखान्यात येतेस?" कुठल्या ते विचारलं नाही तिनं. नुसत्या चपला घातल्या.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला काचेच्या खोलीत बसवलं. कानावर टोप्या, हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. मी वाट बघत बसले. काचेपलीकडे सूनबाई डॉक्टरांच्या मागे उभी होती. तिला समोरचा आलेख दिसत होता, मला फक्त ती दिसत होती. सुरुवातीला मी बटण दाबलं तेव्हा ती हसून मान डोलवत होती. मग बराच वेळ काहीच वाजलं नाही. मी तिच्याकडे बघितलं, तर तिनं पदरासारखी ओढणी तोंडावर धरली होती. तेव्हा कळलं की वाजत होतं.

डॉक्टरीणबाई चांगल्या, तोंड समोर करून बोलतात. ग्राइंडरशेजारी कान न झाकता काढलेली वर्षं आहेत ही, म्हणाल्या. बारीक आवाज आधी जातात. बायकांचं बोलणं, माश्या, शिट्टी. धडधड तेवढी राहते. म्हणून मला बडबडी आवडली होती तर. यंत्रानं बरंच भरून निघेल, म्हणाल्या. मोजमाप घेतलं. दोन आठवडे लागतील.

परतताना सूनबाईनं माझा हात धरला होता. रस्ता काही इतका वाईट नव्हता.

तिला तिथेच सांगावंसं वाटत होतं. तोंडाशी आलेलं गिळलं. आत्ता राहा म्हटलं तर ती राहीलच. बहिऱ्या सासूला टाकून कशी जाऊ, म्हणून राहील. तसं राहणं मला नको. आधी यंत्र येऊ दे. माझी कीव करण्यासारखं काही उरलं नाही की मग विचारीन, आणि मग नाही म्हणाली तर तिचं सामान मी स्वतः बांधून देईन. हे लिहायला सोपं आहे.

गुरुवार, १२ मार्च

मधवाला सगळ्या पेट्या घेऊन वर गेला. मी हात केला, सूनबाईनं हात केला.

ती तिचे पाने-स्क्रूड्रायव्हर पुसून पेटीत ठेवायला लागलीय. थोडे थोडे, रोज.

मंगळवार, १७ मार्च

यंत्रं आली. दोन, एकेका कानाला, शेंगदाण्याहून थोडी मोठी.

डॉक्टरीणबाईंनी ती लावली आणि पहिला आवाज कसला आला तर त्यांच्या हातातल्या कागदाचा. कागद इतका वाजतो? मग माझ्या स्वतःच्या चपला. मग बांगडी. रस्त्यानं घरी येताना मी लहान पोरासारखी थांबत थांबत आले. घरात शिरले तर मुलगा म्हणाला, "आई, आलीस का?" आणि मी दोन्ही कानांवर हात ठेवून त्याला म्हटलं, "हळू बोल, बहिरी आहे का मी?" तो हसत सुटला.

वर्कशॉपमध्ये गेले. सूनबाईची पाठ माझ्याकडे होती. एका डिझेल इंजिनाचं झाकण उघडून वाकली होती आणि बोलत होती. आधी वाटलं कोणी आलंय. कोणी नव्हतं. इंजिनाशीच चाललं होतं तिचं. "चल, सुट ना आता. कोणी आवळलंय तुला एवढं? मीच आवळलंय म्हणा." मग काहीतरी गुणगुणली, बेसूर. मग पुन्हा, "हा वायसर कुठे गेला माझा?" किती बोलते ही पोरगी! वर्षभर या खोलीत एवढं बोलणं चाललं होतं आणि मी तिथेच बसून शांतता किती आहे म्हणून कुरकुरत होते.

मी दारात उभी राहून ऐकत होते. चोरून ऐकणं म्हणा हवं तर. थांबवेना.

मग तिनं वळून बघितलं. माझ्या कानांकडे बघितलं. हातातला पाना खाली ठेवला.

मी म्हटलं, "त्या दिवशी तू मला ग्राइंडरपाशी काहीतरी विचारलंस. मला वाटलं, तू नवा दगड मागवू का म्हणून विचारतेयस. मी दगडाला गरज नाही म्हटलं होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "दगड?"

"दगड."

"आई, मी म्हणजे..." तिला हसू यायला लागलं आणि ते मध्येच फाटलं. "तपासणीच्या दिवशी मला शंका आली होती. तिथे काचेपलीकडे उभी असताना. पण पुन्हा विचारायचा धीर होईना. पुन्हा तेच उत्तर आलं असतं तर?"

तिचा आवाज मी आज पहिल्यांदा पुरता ऐकला. जरा घोगरा आहे. शब्दाच्या शेवटी किंचित वर जातो. मी समजत होते त्याहून कितीतरी धीट आहे.

मी पाठ करून आले होते ते सगळं विसरले. कारखाना मोठा आहे, तुझं शिक्षण आहे, तुला वाटेल तसं कर, असं बरंच ठरवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवेना. म्हटलं, "मला आता ऐकू येतंय. माझं काही अडत नाही. ग्राइंडर मी एकटी चालवू शकते, हिशेबही करते. तेव्हा माझ्याकडे बघून काही ठरवू नकोस. पण तू इथे असलीस की मला सकाळी इथे यावंसं वाटतं. गरज आहे म्हणून नाही. तू मला हवी आहेस, एवढंच. आता सांग."

तिनं फडकं उचललं, हात पुसले, पुन्हा पुसले. मग खाली बघतच, अगदी हळू म्हणाली, "त्यांना उद्या नाही म्हणून कळवते. मी इथेच राहते, आई."

मला ते पहिल्याच वेळी स्पष्ट ऐकू आलं होतं. अक्षर न् अक्षर. तरी मी कान पुढे केला आणि म्हटलं, "काय म्हणालीस?"